टोपी

बाबालाल मुजावरच्या डाव्या हाताला
तीनच बोटं होती.
पहिल्या दिवशी त्यानं मला तीच दाखवली.
"मशीन बंद हाय म्हनतोस.
मशीनला इचारलंस का?"

साडेसहाची वेळ. शाळेचं मैदान,
नदीकडनं गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता.
मला वाटलं लगेच सुरू करायचं.
"दव वाळूस्तवर हात लावायचा न्हाई.
वलं गवात पाय घसरवतंय, आन् पातं थांबत न्हाई."
तोवर पोतं घेऊन मैदान पालथं घालायचं.
रविवारी मॅच झालेली :
सुतळी बॉम्बच्या चिंध्या, सोड्याची बुचं,
कुणाच्या तरी चपलेचा तुटका अंगठा,
आणि एक खडा, सुपारीएवढा.
तो त्यानं तळहातावर तोलला.
"ह्यो पात्याखाली गेला की गोळी हुतो.
आन् पोरं हितंच खेळत्यात."

माझ्या पायात नवंकोरं कोल्हापुरी, करकर वाजणारं.
काही बोलला नाही.
आतून बूट आणले आठ नंबरचे,
पाय माझा सातचा,
पुढं कापूस कोंबला.

पेट्रोल भरायचं ते खोलीबाहेर, नारळाखाली,
इंजिन गार झाल्यावर, गळ्यापर्यंत नाही.
त्या दहा मिनिटांत
बिडीचं बंडल माझ्या खिशात,
काडेपेटी शिपायाच्या टेबलावर.
"दोन्ही एका मानसाकडं नकोत," म्हणायचा,
"मानूस इसरतो."

दांड्यावरचा लिव्हर सोडला की इंजिन मरतं.
आधीच्या माळ्यानं तो सुतळीनं बांधून ठेवलेला,
हात अवघडू नये म्हणून.
बाबालालनं ती सुतळी विळ्यानं कापली
आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

शनिवारी साफसफाई.
आधी प्लगची टोपी उपसायची.
का कोण जाणे, त्याच वेळी तो
स्वतःच्या डोक्यावरचीही काढायचा
आणि दोन्ही टोप्या शेजारी शेजारी ठेवायचा,
एक काळी रबराची, एक पांढरी, घामानं पिवळी झालेली.
मग मशीन कलतं करायचं, प्लग वरच्या अंगाला,
नाहीतर ऑइल नको तिथं जातं.
पोटाला चिकटलेला हिरवा लगदा काठीनं खरवडायचा,
बोटानं नाही, कधीच बोटानं नाही.
पातं उद्यमनगरातनं धार लावून आणलं
की भिंतीच्या खिळ्यावर अडकवून बघायचं,
कुठली बाजू खाली जाते.
"एकीकडं जड झालं की थरथरतंय बघ.
मानसागत."

मी ती तीन बोटं बघत शिकलो.
झोपेतसुद्धा टोपी आधी काढायचो.

तो गेल्यावर वडणग्याला त्याच्या बहिणीकडं गेलो.
मी म्हटलं, त्या मशीननं बोटं घेतली,
तरी त्याच मशीनवर आयुष्य काढलं.
म्हातारी बघतच राहिली.
"मशीन? अरं, चरक्यात गेली ती.
नऊ वर्साचा हुता, ऊस घालताना.
गवताचं मशीन त्यानं चाळिशीत बघितलं."

मी चहा घेतला.
गुळाचा होता.

आज सुयोग आलाय, एकोणीस वर्षांचा,
पायात चप्पल, कानात वायर.
माझी दहाच्या दहा बोटं शाबूत,
त्यात सांगण्यासारखं काही नाही.
मशीन कलतं करायला तो सरळ खाली वाकला.
मी त्याला बाजूला सारलं, प्लगची टोपी उपसली,
आणि हात आपोआप डोक्याकडं गेला.
तिथं काहीच नव्हतं.

"काय हुडकालायसा?"

"बस खाली," म्हटलं.
"माझ्या आधी हितं एक मानूस हुता.
डाव्या हाताला तीनच बोटं.
कशानं गेली, इचार."