पी-४१ आणि पी-४२ च्या मधे

रजिस्टरात रकाने मीच आखतो लाल पेनानं,
महिन्याभराचे एकदम.
नाव. कुठून आलात. कुणाकडे. आत. बाहेर.
सहीला जागा कमी पडते,
लोक दुसऱ्याच्या नावावर सही करून जातात.

माघातल्या त्या सकाळी, सातला पाच कमी असताना
चांगुणाआत्या आली.
मागं काथोडकाका, गुडघ्याला पट्टा,
दोन पोरं, एक टोपली,
आणि सेक्रेटरीच्या सहीचं पत्र, लॅमिनेट केलेलं,
कारण दरसाल तेच चालतं, तारीख फक्त वरून चिकटवायची:
सात ते नऊ. वाजप नाही. कोंबडं नाही.
गाड्यांना गुलाल लागल्यास खर्च गावकीने द्यावा.

मी विचारलं, कुठून आलात?
वरून कॅमेरा बघत असतो, विचारावंच लागतं.
आत्या माझ्याकडं बघत राहिली,
उधाणाच्या पाण्याकडं बघायची तशी,
बांध धरेल की जाईल ते जोखत.
"तुज्या बापाला मी कंबरंवर वागवलाय,
आनं तू मना इचारतस कुठशी आयलीस?"

मी लिहिलं: गावातून.

गाव गेटपासून दीडशे पावलं.
त्याला सेक्टर नाही.
नऊ आहे, दहा आहे, अकरा आहे,
मधे आम्ही, नकाशावर पांढरे,
रंगवणाऱ्याचा ब्रश तिथवर आला
आणि त्याला जेवायला हाक पडली असावी तसे.
घणसोलीचे सरळ रस्ते आमच्या वेशीशी येऊन वाकतात,
अंग चोरतात, नाव विसरतात.
पार्सलवाला पोरगा फोन करतो, आता कुठं?
आता काकाच्या जाळ्याखालून, वाकून ये.

आणि या पांढऱ्या तुकड्याचाही एक तुकडा
बाहेर राहिला.
भिंतीच्या आत, बेसमेंटच्या उतारापाशी,
पी-४१ आणि पी-४२ च्या मधे,
सात फूट बाय पाच, शेंदूर फासलेला दगड.
चेडोबा. खाडीकडच्या शेतांचा राखणदार.
शेतं गेली. मिठागरं गेली.
राखणदाराला कुणी कळवलं नाही.
हलवायला गेले तेव्हा जेसीबी तीनदा बंद पडला म्हणतात.
काका म्हणतो, डिझेल संपलं होतं.

कुणाकडे?
"चेरोबाकरं."
फ्लॅट नंबर?
मागं एक पांढरी गाडी हॉर्न देत होती.
मी पी-४१ लिहिलं. खरं तर ती कुलश्रेष्ठांची जागा,
ते नाताळपासून पुण्यात आहेत.

मग टोपली. तीही बघावी लागते.
नारळ, अगरबत्ती, तांदळाच्या दोन भाकऱ्या,
फडक्यात बांधलेला सुका जवळा, ज्याचा वास
लिफ्टपर्यंत जाईल आणि ग्रुपवर तक्रार येईल.
पदराखाली काहीतरी होतं.
आत्यानं माझा हात धरून तिथं ठेवला.
अंडं. अजून कोमट.
मी लिहिलं: नारळ एक.

नऊला दहा मिनिटं असताना ते निघाले.
सही आत्याला येते, रात्रशाळेत शिकली होती.
पण बोटाला शेंदूर होता, तिनं तोच टेकवला,
'बाहेर'च्या रकान्यात नाही, शेजारच्या.
पान पुढं चार दिवस चिकटत होतं.

रात्री तीनच्या फेरीला मी तिथं थांबतो.
पी-४२ ची गाडी उंच आहे, कॅमेऱ्याला आड येते.
बूट काढतो.
फरशी गार असते, पण दगडाच्या कडेला
हातभर जागा अजून मातीची आहे.
अंगठ्यानं उकरतो थोडी.
काळी निघते, ओलसर, शिंपल्यांचा चुरा.
चवीला खारट. हो, बघितलीय.

वॉकीटॉकीवर सुपरवायझर विचारतो, लोकेशन?
मी पी-४१ सांगतो.
एकदा झोपेच्या तारेत 'शेतावर' म्हणून गेलो.
तो हसला.
मग बटण सोडायला विसरला बहुतेक,
कितीतरी वेळ नुसती खरखर येत होती.