मोजणी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
भोंगा झाला तरी फाटक उघडत नसे.
आधी ताव मोजायचे. एक कमी भरला
की तीनशे माणसं रिकामे डबे घेऊन उभी,
आणि कोणाचं तरी पोर घरी तापलेलं असायचं.

येहेझकेल तळकर तेव्हा भिंतीला टेकून
तळहातावर बोटानं लिहायचा. उजवीकडून.
कागदाची चिटोरीही आत-बाहेर नेता येत नसे.
शनिवारी तो यायचा नाही. बदल्यात
लक्ष्मीपूजनाची माझी रात्रपाळी करायचा,
वीस वर्षं.

म्हणाला, आमच्यातही मोजायचे रे,
हजार वर्षांपूर्वीची माणसं, ग्रंथाचं एकेक अक्षर.
बरोबर मधलं कोणतं, तेसुद्धा.
आणि कमी भरलं तर?
तर फाटक उघडत नाही, म्हणाला.

जेल रोडला दोन खोल्या.
ग्रंथाचे खंड तांदळाच्या पिंपावर.
सिम्हाबाई माप हातात घेऊन विचारायच्या,
आज आधी कोणाला उतरवू,
राजांना की संदेष्ट्यांना?

तिथे तो एका ओळीत अडकला. सात वर्षं.
एलियाहू डोंगरावर उभा.
वारा होऊन गेला, धरणीकंप झाला, आग झाली,
आणि मग तीन शब्द. शेवटचा 'दक्का'.
बारीक. पण आवाज बारीक नाही, म्हणायचा,
शांतता बारीक. जात्यातून निघाल्यासारखी.
मलिद्याचं ताट मांडून ज्याला बोलावतो
त्यानं काय ऐकलं, एवढंच
मला मराठीत सांगता येईना.

मंद स्वर. खोडलं.
कुजबुज. खोडलं.
निःशब्द नाद. यावर दोनदा काट
आणि बाजूला: कीर्तनी.

निवृत्तीच्या दिवशीची शेवटची मोजणी.
यंत्रं थांबली. आकडा चुकू नये म्हणून
तीनशे माणसं गप्प.
तावांच्या कडेवरून सरकणारा एक अंगठा, बस्स.
तळकरनं माझं मनगट धरलं.
बोलला काहीच नाही.
एक ताव जास्त भरला होता, पुन्हा मोजायला घेतलं,
तरी त्यानं सोडलं नाही.

वही आता माझ्याकडे असते.
मुलगा अश्दोदला. त्याला हिब्रू येतं,
मराठी वाचता येत नाही.
मला उलटं.
त्या ओळीपुढची जागा कोरी आहे,
पेन्सिलीनं आखलेली, चार बोटं भरते.
समासात फक्त तारीख.
त्या दिवशीची.