बॉनेटवरच्या रेघा

मला फक्त रेघा मारायला बोलावलं होतं
इनास फर्नांडिसच्या पडवीत.
तिथे एक गाडी उभी होती, रंगाविना,
सांगाडा लोखंडी अँगलचा,
इंजिन खाडीतून ओढून काढलेल्या टेम्पोचं,
सीट देवगडच्या कुठल्याशा बंद टॉकीजमधल्या
(माझ्या सीटचा नंबर जी चौदा),
आणि बॉनेट डिझेलच्या पिंपाचं,
सपाट करून, पुन्हा वळवून,
आतल्या अंगाला अजून अर्धं वाचता येणारं
"ज्वालाग्राही".

गाडी चढणीला तापायची.
बंदरापासून वरच्या नाक्यापर्यंत
तीन थांबे, तीन बाटल्या पाणी,
तिसऱ्या थांब्यावर इनास
स्वतःच्याच सात पिढ्यांना शिव्या घालायचा,
एकेक नाव घेऊन.

कुवेतहून मुलगा म्हणाला,
तयार मिळतात, प्लॅस्टिकच्या. नुसत्या चिकटवायच्या.
इनासने फोन माझ्या हातात दिला,
जसा कुणी सडका बांगडा परत करतो.
"चिकटवलेल्या खिडकीतसून वारो येता काय, मास्तर?"

आधी त्याने जुन्या जाळ्याचे धागे तोडले,
बोटभर लांब, निळे,
आणि टेपने बॉनेटभर चिकटवले.
मी महादेव तांडेलच्या स्कूटरवर मागे,
गाडीच्या बाजूबाजूने, वही मांडीवर.
पुढचे धागे आडवे पडून राहिले, शहाण्या मुलांसारखे.
मधले मात्र उठले, थरथरले,
वर ओढल्यासारखे उभे.
तिथे मी फुल्या केल्या.
स्कूटरच्या धक्क्यांनी त्या फुल्या
कोंबड्यांच्या पावलांसारख्या उमटल्या.

एकतीस वर्षं मी शाळेत रेघा शिकवल्या.
फळ्यावरच्या दुसऱ्या तासाला पुसल्या,
वहीतल्या रद्दीत गेल्या.
माझ्या रेघेवरून कुणी छिन्नी चालवेल
हे कधी वाटलं नव्हतं.
"वाकडी मारलास तर भोक वाकडा पडतला," इनास म्हणाला,
आणि माझा हात,
जो साहेब वर्गात आले तरी कधी कापला नाही,
तो खडूसकट कापला.

बारा रेघा. दोन ओळींत सहा-सहा.
तोंडं मागे, काचेकडे.
"फुडे केली तर वारो आत घुसतलो,
आत आधीच गर्दी हा."
पत्र्याखाली फणसाचा ठोकळा, वर जाड फ्लॅट पट्टी,
आणि घाव. एकेक फट
झोपेतून पापणी उचलावी तशी वर आली.
अकरा आल्या.
बारावीला पत्रा चिरला, आवाज न करता,
आणि इनास तिच्यापुढे बराच वेळ बसून राहिला.
मग पितळ वितळवून ती बुजवली.
तो व्रण अजून पिवळा आहे. रंग देऊ देत नाही.

मथुरा कोयंडे लिलावावरून परतताना
पाटी टेकवून बघायला आली.
"ह्येका आता कल्ले इले," म्हणाली,
आणि सवयीने दोन बोटं आत घातली.
काळी निघाली.
"ताजा नाय," म्हणून गेली.

पावसाचं काय, मी विचारलं.
पावसाचा पावसात बघू.

रविवारी चढण घेतली.
पहिल्या थांब्याला थांबलो नाही.
दुसऱ्याला थांबलो, म्हैस आडवी होती म्हणून.
काटा अर्ध्याच्या थोडा वर, तिथेच रेंगाळला.
अकरा फटींतून गरम हवा निघत होती,
दिसत नव्हती,
पण वळणावर तिच्यापलीकडचं दीपगृह
ओल्या कागदावरच्या चित्रासारखं हलायला लागलं,
कड सुटलेली, रेघ कुठे धरत नाही अशी.
मुलांच्या वहीत मी हे चुकीचं ठरवलं असतं.

नाक्यावर इनासने बॉनेटवर तळहात ठेवला,
पटकन उचलला, पुन्हा ठेवला.
बोलला काही नाही.
तिन्ही बाटल्या मागे तशाच होत्या,
पाणी कोमट झालेलं.
त्यातली एक आम्ही दोघांनी प्यायली.