जोडलेले हात

मानवतला, बसस्टँडच्या मागं, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात
गावातले सगळे चेहरे आहेत.
डी ड्राइव्हला, सालवार.
शिवमूर्ती आप्पांच्या गालावरचा मस
मी तीन निवडणुकांपासून पुसत आलोय.
उत्तमशेठचे केस एका तेलाच्या डब्यावरून आणलेत.
आता ते भांग पाडतात
आरशात नाही, फ्लेक्सकडं बघून.

यंदा पक्षानं नवीनच काढलं.
नगराध्यक्षाचं तिकीट म्हणे वरून येणार नाही,
सभासदांनी चिठ्ठी टाकायची, रविवारी,
जिनिंगच्या शेडमध्ये, दहा ते चार.
तीनशे बारा सभासद. मी दोनशे सत्तेचाळिसावा.
पाच रुपयांची पावती जपून ठेवलीय,
लॅमिनेट करून.

आणि नावं दोन.
आप्पा,
आणि आप्पांचे सख्खे साडू, उत्तमशेठ.

आप्पांच्या काळात नळ बाराव्या दिवशी यायचा,
शेठच्या काळात अकराव्या.
एवढ्या एका दिवसातून
आम्ही निवड करायची.

अन्सारभाई पंक्चरवाला म्हणाला,
"दोन्ही ट्यूब एकाच जागी फुटलेल्या.
कोणती घालू, तूच सांग."
गयाबाई बचत गटाच्या बोर्डाचं माप द्यायला आली होती.
"कामून रे, एवढ्या मोठ्या गावात
तिसरं माणूस जन्मलंच नाई का?"
मुंजाजी मशीनला शाई भरत होता, तो हसला.
तो सभासद नाही.
कुणाला हसला, विचारलं नाही मी.

एक गोष्ट आजवर कुणाला बोललो नाही.
बॅनरवर दोघांनी जोडलेले हात
त्यांचे नाहीत.
आप्पांच्या बोटांत अंगठ्याच अंगठ्या,
शेठचा खांदा धरलेला, हात छातीशी येत नाही.
म्हणून मागं एकदा, मतदानाच्याच दुपारी,
मुंजाजीनं या भिंतीपुढं
माझे हात काढले.
बोटाला शाई होती, ओली.
ती मी माउसनं पुसली, तीन मिनिटांत.
खरी जायला महिना लागला.

तेव्हापासून चौकाचौकात
माझेच हात मला नमस्कार करतात.
वाढदिवस, उरूस, भावपूर्ण श्रद्धांजली,
संचालक, भावी आमदार, भावी काहीही.
मनगटं तेवढी बदलतो, कधी कडं, कधी गंडा.
बायको एकदा थांबून म्हणाली,
"हे हात बघितल्यासारखे वाटायलेत."
मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

रविवारी शेडमध्ये सरकीचा वास होता.
पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं,
कुणी घेऊन जाईल म्हणून.
चिठ्ठीवर दोन नावं, दोन चौकटी.
खाली बरीच जागा कोरी होती, चांगली चार बोटं.
मी तिच्याकडंच बघत राहिलो.
मागचा म्हणाला, "आटप की बापा, भजे थंड व्हायलेत."
मी घडी घातली. तशीच.

साडेपाचला निकाल.
आप्पा त्र्याऐंशी, शेठ पंचाहत्तर.
बाद किती, ते वाचताना
माइकवाल्याला खोकला आला.
मी जवळ होतो, ऐकलं: त्र्याहत्तर.
शेठनं आप्पांना मिठी मारली
आणि दोन्ही बहिणींनी एकाच ताटातले पेढे वाटले.

रात्री ऑर्डर आली. दहा बाय वीस, अर्जंट.
मी मस पुसला. फेटा चढवला.
खाली ओळ टाकली: जनतेच्या मनातला माणूस.
मुंजाजी म्हणाला, "मालक, हात राहिले."
म्हणालो, "राहू दे."

सकाळी बॅनर नाक्यावर लागलं.
आप्पा कोपरापर्यंत. पुढं नुसतं निळं आभाळ.
खालून गाड्या गेल्या, शाळेची पोरं गेली,
एक म्हैस पाठ घासून गेली.
मी दिवसभर फोन जवळ ठेवला.

संध्याकाळी आला. आप्पा स्वतः.
"रंग भारी आलाय रे यंदा," म्हणाले,
"अजून चार काढ.
पैशाचं मागचं धरून बघू."