तीन हलकुडे

मार्च. नॅकची समिती यायची आहे.
प्राचार्य म्हणाले, यमुल, तुम्ही ग्रंथपाल,
सगळ्या प्राध्यापकांचे एच-इंडेक्स काढा, शुक्रवारपर्यंत.
बाहेर एक्केचाळीस डिग्री. वाचनालयाचा कूलर
वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो.

हिशेब सोपा आहे. माझ्या नायनालाही कळला असता,
चौथीत शाळा सुटून मागावर बसलेल्या बापाला.
चादरींची थप्पी लावावी तसे शोधनिबंध लावायचे,
सगळ्यात जास्त सायटेशनवाला वर, मग त्याखालचा,
आणि वरून मोजत यायचं.
जिथे निबंधाचा क्रमांक त्याच्या सायटेशनच्या पुढे जातो
तिथे थांबायचं, एक पाऊल मागे यायचं.
तो आकडा म्हणजे माणूस.
खालच्या चादरी कुणी उलगडत नाही.

रसायनशास्त्राचे वांगीकर: एकोणीस.
खोलात गेलो. वांगीकरांचं नाव माळगे घेतात,
माळग्यांचं दुधनीकर, दुधनीकरांचं वांगीकर,
लग्नातल्या आहेरासारखं,
वहीत मांडून ठेवलेलं, फिटेपर्यंत.
अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला निदान हळकुंड तरी लागतं.

मराठीच्या सरोजिनी कोनापुरे: शून्य.
त्यांचं पुस्तक मी तीनदा शिवून घेतलंय,
पोरांनी पार खिळखिळं केलेलं.
पण या यंत्राला देवनागरी येत नाही.

वनस्पतिशास्त्राचे हलकुडे सर,
बसवराज शिवलिंगप्पा, येत्या मेमध्ये निवृत्त:
एक.

एक?
नान्नजच्या माळावर एकतीस वर्षं
चौकोनी चौकट टाकून आतलं गवत मोजणारा माणूस,
पवन्या किती, कुसळी किती,
पँटच्या मोहरीत काटे घेऊन थेट वर्गात येणारा.

दुपारभर शोधत बसलो.
एके ठिकाणी ते हलकुडे. एके ठिकाणी हालाकुडी,
टंकलेखक धारवाडचा असणार.
तिसरीकडे आडनावच शिवलिंगप्पा.
यंत्राच्या लेखी तीन परकी माणसं
एकाच माळावर वाकलेली,
रामरामही न घालणारी.

त्यातल्या पहिल्याच्या एका निबंधाला नऊ सायटेशन.
सहांमध्ये लिहिलंय पान चौऱ्याहत्तर.
मी कपाटातून अंक काढला. निबंध आहे पान सत्तेचाळीसवर.
एकाने चूक केली, पाचांनी ती विणली.
वाचलं कुणी?

नायनाने अशोक चौकातल्या कारखान्यात
जॅकार्डची कार्डं पाडली, भोक भोक करून एक मोर काढला.
डोळ्यापाशी एक भोक राहून गेलं. मोर आंधळा.
पुढे गुलबर्ग्याच्या लॉजवर,
मावसबहिणीच्या रुखवतात, सरकारी दवाखान्यात,
वेगळ्या रंगात, वेगळ्या कारखान्याच्या शिक्क्याखाली
तोच आंधळा मोर.
नायना चादरीवर हात फिरवायचा,
भोक सापडलं की गप्प बसायचा.
खूश होता की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

साडेपाचला तिन्ही हलकुडे एकत्र केले.
नऊ, चार, तीन, मग एक, मग शून्यांची रांग.
इंडेक्स: तीन.

सर पुस्तक परत करायला आले तेव्हा सांगितलं,
तुमचं नाव तीन जणांत वाटलं गेलं होतं सर,
मी जोडलं. आता तीन झालाय.
सरांनी चष्मा पुसला. जरा विचार केला.
"तिघांत मिळून तीन?
मग माणशी एकच आलं की रे."

पुस्तकाची तारीख उलटून चार दिवस झाले होते.
दंड आठ रुपये. त्यांनी दहा दिले, सुट्टे मागितले.
कूलरमधलं पाणी संपलं होतं.
मी बादली घेऊन उठलो.