भंडाऱ्याची बरणी

बसस्टँडसमोर चहाच्या गाड्यावर पोरं विचारतात,
"मामा, सत्तावीस वर्षं जहाजावर रांधलास,
जगात सगळ्यात भारी काय खाल्लंस, सांग की."
उत्तर त्यांना आधीच पाठ असतं.
मी म्हणायचं, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी,
बुक्कीनं फोडलेला कांदा,
आणि सगळ्यांनी माना हलवून उठायचं.

मी बशीतला चहा फुंकत बसतो.

खोटं कशाला बोलू.
जेनोआच्या धक्क्यामागं एका बाईनं
तुळशीच्या भावकीतल्या पाल्याचा ठेचा
शेवयांवर घातला होता, बिनमिरचीचा,
आणि मी ताटली बोटानं निपटली.
वाल्पराइसोकडं मासा नुसत्या लिंबात शिजवतात, विस्तव नाही.
तो मला झेपला नाही.
इंग्रज कप्तानाचा उकडलेला फ्लॉवर
पगारासाठी केला, चव बघितली नाही.
पोलिश पोरांचं बिटाचं आंबट सार
अजून कधीतरी जिभेवर येतं, थंडीत.
वांगं मात्र
आमच्या हुक्केरी तालुक्यागत कुणाला जमत नाही,
हे मी तुर्कांच्या तोंडावर सांगितलंय.

पण जीभ अडकली ती बुसानच्या छोएकडं.
इंजिनात तेलपाणी बघायचा, माझ्याहून थोर.
आमची भाषा म्हणजे हातवारे आणि मीठ.
कोबीच्या पाना-पानात मीठ चोळ,
रात्रभर त्याला रडू दे,
मग लसूण, आलं, लाल तिखट, सुकी कोळंबी,
दाबून भर, आणि गप्प बस.
चौथ्या दिवशी बरणी आपणहून बोलती.

घरी आलो तर भाकरी होती, चटणी होती,
आणि तोंडाला पाणी सुटायचं त्या कुजक्या कोबीसाठी.
कुणाला सांगणार?

कोबी हिरण्यकेशीच्या काठचा.
तिखट आमचंच, संकेश्वरी, दुसरं कुठलं?
सुकट गडहिंग्लजच्या बाजारातली,
कंडक्टरनं नाक धरून तिचं लगेज फाडलं.
तिसऱ्या दिवशी आक्काताई म्हणाली,
"घरात उंदीर मेलाय की तुझं डोकं?"
बरणी गोठ्यात गेली.
म्हशीनंही तोंड फिरवलं.

विरजण मागायला आलेली रुद्रव्वा तेवढी थांबली.
"इदेन री, मामा?"
कोबीचं लोणचं, म्हटलं. देशाचं नाव घेतलं नाही.
तिच्यात सुकट चालत नाही,
म्हणून पुढच्या वेळी वाटीभर वेगळं घातलं.
छोए असता तर भांडला असता.
तिनं उभ्यानंच चाखलं, डोळ्यात पाणी,
पदरानं नाक पुसलं,
"भाळ खारा," म्हणाली, आणि वाटी घेऊनच गेली.

संध्याकाळी वाटी परत आली, रिकामी नव्हे.
ती त्याला गुरेळ्ळ म्हणती, आम्ही कारळं,
आक्काताईच्या माहेरी खुरासणी.
नावावरनं कुणी वाद घातला नाही.
लसूण कमी पडलाय, यावर मात्र
दोघी भिंतीवरनं बराच वेळ बोलत होत्या,
एक कन्नडात, एक मराठीत.

बरणीचा फोटो छोएच्या नंबरावर पाठवला.
नऊ दिवसांनी एक अंगठा आला,
खाली नातीचं नाव.
आजोबा कसे आहेत, तिनं लिहिलं नव्हतं.
मी विचारलं नाही.
फोन उलटा करून ठेवला,
बरणी धुतली, उन्हात पालथी घातली.

आज सकाळी भिंतीपलीकडनं हाक,
"मामा, मुगीतु री!"
संपलं, म्हणती.
चहाला पोरं वाट बघत असतील.
बसू देत.
मी मीठ शोधतोय, जाडं.