हरवलेले चाळीस सेंटीमीटर

मंगिस्तौच्या माळावर मार्चमध्येही वारा अंगावर येतो.
गाभ्यांच्या गोदामात हीटर एकच,
तोही पहारेकऱ्याच्या पायाशी.
मी हातमोजे काढते. दगड हातमोज्यांना ओळख देत नाही.

विहीर दोनशे चौदा.
मीटर-मीटरचे तुकडे लाकडी खणांत निजवलेले,
कुठल्याशा नदीनं मुखाशी टाकून दिलेली जुरासिक वाळू.
ऑफिसच्या नकाशात हा सगळा तेरावा थर:
एकच पिवळा रंग, खाली शाईची रेघ,
रेघेखाली चौदावा.
रेघ सुबक आहे. तिच्यावर सह्या आहेत.

आणि विहीर तीन महिन्यांत पाणी ओकू लागली.
पाणी आम्हीच ढकलत होतो, दीड किलोमीटरवरून,
मेंढ्या हाकाव्यात तसं तेल पुढं घालून.
हिशेबानं सहा वर्षं लागायची.
अल्माटीहून फोन: कुठून आलं?

ड्रॉपरनं थेंब ठेवते.
थेंब फुगून बसतो, रुसल्यासारखा.
वीतभर खाली, तोच दगड, तोच रंग, तेच वय,
थेंब टेकायच्या आत नाहीसा.

पोकळी दोघांतही आहे.
पण खोल्या पुष्कळ असून काय,
वरच्यानं दारं चिकणमातीनं लिंपून घेतलीत.
एका थरात जन्मलेली वाळू कोट्यवधी वर्षं अबोला धरते,
आणि शिवेपलीकडच्या चार बोटांशी
अलीकडची चार बोटं आतून मिळालेली असतात.
कोण कधी आलं, एवढंच थर सांगतो.
कोण कुणाला जाऊ देतं,
ते वाहणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मग रेघेपाशी येते, आणि तिथं दगडच नाही.
खणात एक लाकडी ठोकळा:
हरवलेले, चाळीस सेंटीमीटर.
सगळ्यात मोकळी वाळू, वर येता येता सांडून गेली.
नकाशावाल्यानं त्या जागीही पिवळाच फासला.

पेटीच्या कडेला पेन्सिल, अकरा वर्षांपूर्वीची:
"इथं दगडानं चिखल प्यायला. दोन टाक्या. ओरिनबासार."
मोठ्या अहवालात हे वाक्य कुणी घेतलं नाही.

ओरिनबासार आता अक्ताउला लेकीकडे असतो, एका कानानं बहिरा.
मी ओरडून विचारते, कुन्सुलू बोलतेय, गोदामातून.
विहीर त्याला आठवत नाही.
त्या रात्रीचं बर्फ आठवतं,
आणि पंपाचा आवाज एकाएकी हलका झाला, ते.
"खालून कुणी घोट घ्यावा तसा," म्हणतो,
मग विचारतो, तिकडचा चहा अजून तसाच पांचट का?

नकाशावर तेरा-चौदाच्या रेघेवरच
मी एक निळी पट्टी ओढते,
अर्धी वर, अर्धी खाली.
तिला नाव नाही. सहीची जागा रिकामी.
ठोकळा परत खणात ठेवते,
होता तिथंच.